तिवाट्यावरचा हुंकार

आमच्या घराच्या भिंतींना चुना नव्हता, पत्रकं होती. बा विणकर. मागावर जाडीभरडी लुगडी विणायचा आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचा, शहरातल्या सदर भागातल्या एका छापखान्यातून छापून आणायचा, वाटायचा. उरलेली गठ्ठ्यानं घरी यायची आणि माय ती खळीनं भिंतीवर चिकटवायची, माती झडू नये म्हणून. मी अक्षरं शिकले ती त्या भिंतींवर. 'आई'च्या आधी मला 'बंधूंनो' वाचता येत होतं.

छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीत देव्हारे रिकामे झाले आणि वाचन आलं. पण वाचता येणारे थोडे. म्हणून एक रीत पडली. छोट्या लाईनीच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या आगगाडीच्या, पलीकडे विणकर सोसायटीचा ओटा होता. संध्याकाळी माल जमा केला की पुरुष त्या ओट्यावर बसत आणि बा उभा राहून पत्रक वाचे. हातात आलेलं पत्रक उभ्यानं, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचायचं, हा बाचा नियम. आणि ऐकणाऱ्यांचा नियम हुंकाराचा. प्रत्येक वाक्यानंतर बसलेल्यांनी 'हूं' म्हणायचं. 'हूं' आलं म्हणजे वाक्य पोचलं. नाही आलं, तर वाचणाऱ्यानं पुढं जायचं नाही. तेच वाक्य पुन्हा, हवं तर दहादा, 'हूं' येईपर्यंत.

मी लहान असताना बाच्या बोटाला धरून दोन-तीनदा गेले होते. वीस-पंचवीस माणसांचं ते एकदम उठणारं 'हूं' छातीत वाजायचं. बाया मात्र तिथं नसत. बाया घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत असत. मायनं बाला कधी वाचताना ऐकलंच नव्हतं. जगाला समता सांगणाऱ्या माणसाच्या घरात हे चाललं होतं, आणि मला कळायला लागल्यापासून त्याचा राग होता. तो राग मी त्याच्याशी भांडून काढायच्या आत तो आजारी पडला.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो काळ. सोसायटी बंद पडलेली, तिचा ओटा फोडून विटा कोणी नेलेल्या, जागेवर बेशरमाची झाडं माजलेली. बाला मेंदूज्वर झाला. मोठ्या दवाखान्यातून तो जिवंत परत आला, तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कपाळामागच्या भागाला इजा झाली आहे. बोलेल, जेवेल, ओळखेल. पण बदललेलं जग त्याला शिकवता येईल का, सांगता येत नाही."

तो बोलत होता, जेवत होता, ओळखत होता. मायच्या हातच्या भाजीला पूर्वीसारखीच नावं ठेवत होता. माग मात्र तसाच पडला होता. आणि दिवे लागणीच्या आधी तो उठायचा, खांद्यावर नसलेल्या लुगड्यांचा गठ्ठा सावरायचा आणि चालू लागायचा.

वस्ती संपते तिथं तिवाटा होता. आमचा रस्ता तिथं फुटायचा. उजवीकडे बाजार, डावीकडे छोटी लाईन आणि तिच्यापलीकडे सोसायटीची ती ओसाड जागा. तिवाट्यावर बा थांबायचा. डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, पुन्हा डावीकडे. अगदी विचार करणाऱ्या माणसासारखा. मग डावीकडेच जायचा. रोज. पलीकडे चिखल आणि काटे असल्यामुळे तो आताशा रुळांच्या मधोमध उभा राहायचा. समोरच्या बेशरमाकडे तोंड करून दोन्ही तळहात पत्रकासारखे उघडायचा.

लाईनीवरून संध्याकाळची गाडी जायची. एकदा इंजिनवाल्यानं इतकी शिट्टी मारली की वस्ती बाहेर आली. दोघांनी बाला ओढून काढलं. त्याची एक चप्पल रुळावर राहिली होती. ती मधोमध कापली गेली. बानं तिच्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मायची चप्पल घालून तिथंच गेला.

"जुने देव सोडले न," शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून म्हणाली. "त्याईनंच धरलं त्याले. तिवाट्यावर कसा पाहून राह्यते, पाह्यलं नाही का? कोणीतरी बोलावते त्याले."

"मेंदू आहे तो, मेंदू!" मी ओरडले. "ताप मेंदूत गेला!"

"हो वं माय. तू कॉलेजात जातं. आमाले का समजते."

चारच दिवसांनी भिवापूरहून मामा आला. मायचा थोरला भाऊ. त्याच्या गावची मिरची साऱ्या मुलखाला ठाऊक. एरवी तो ती पिशवीत आणायचा, या वेळी पोतं घेऊन आला. मला वाटलं विकायला आणलं.

"बांधा भाऊजीले मागाच्या दोरानं," तो मायला म्हणाला. "येत्या पुनवेले मी भगताले घेऊन येतो. खोली बंद करू, मिरचीची धुरी देऊ. जे असन ते निंगन."

"जीव निंगन त्याचा," मी म्हटलं.

"तू चूप राह्य वं. गाडीखाली निंगन तो चालते का?"

भिंतीवर, मामाच्या डोक्याच्या अगदी मागं, बानं स्वतः लिहिलेलं पत्रक होतं. धुरी, अंगारा, उतारा यांच्याविरुद्धचं. मी बोट दाखवून ते वाचलं. मामा हसला. "त्यालेच वाचून दाखव ते. थांबला तर मी भगत नाही आणत."

तो गेला. पोतं दारामागं ठेवून गेला. दारामागून रात्रंदिवस मिरचीचा वास यायचा, आणि माय बांधायच्या दोराकडे बघायची, मग माझ्याकडे. पुनवेपर्यंत बा थांबला पाहिजे होता. नाहीतर गाडी, नाहीतर दोर आणि धूर.

त्या वर्षी मी कॉलेजात एका सरांना त्यांच्या प्रयोगात मदत करत होते. सर धरमपेठेतले, मवाळ आवाजाचे, पांढरे उंदीर पाळणारे. मागच्या खोलीत लाकडी वाट होती, आमच्या तिवाट्यासारखीच. उंदीर सरळ यायचा, मग डावी किंवा उजवी फांदी. फांदीच्या टोकाला पत्र्याचा डबा. उंदीर पोचला की तार ओढली जायची, झाकण 'खट्' पडायचं आणि भिजवलेला हरभरा मिळायचा. आधी हरभरा डावीकडे ठेवायचा. उंदीर शिकले की उजवीकडे न्यायचा आणि बघत बसायचं.

धडधाकट उंदीर काही फेऱ्यांतच बदलायचे. पण एकाच्या कपाळामागचा भाग सरांनी शस्त्रक्रियेनं काढला होता. तो फाट्यावर थांबायचा. डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, पुन्हा डावीकडे. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल पडली. मग तो डावीकडे जायचा, रिकामा डबा चाटायचा, परत यायचा, पुन्हा डावीकडे.

"मेंदूत एक वर्तुळ आहे," सर म्हणाले. "कपाळामागून आत खोल जातं आणि परत येतं. ते दर वेळी तपासतं, जे येईल वाटलं होतं ते आलं का? आलं, तर तीच वाट पक्की. नाही आलं, तर वाट बदल. याचं वर्तुळ तुटलंय. नाही आलं, हे त्याला कळतच नाही."

"म्हणजे तो वेडा नाही."

"वेडा? छे. तो अतिशय निष्ठावान आहे," सर हसून म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी बाविषयी सांगितलं नव्हतं. सांगणार होते, पण आपला बाप या खोलीत आणायचा, या वाटेवर उभा करायचा, हे मला जमेना. पत्रकांवर वाढलेल्या पोरीला एक गोष्ट पाठ होती. आमिष दाखवून चालतं ते जनावर, विचार करून चालतो तो माणूस. निवडणुकीत लुगडी वाटणाऱ्यांविरुद्ध बानंच ते लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी बाच्या मागं गेले. त्यानं उघडे तळहात वाचायला सुरुवात केली तेव्हा मी बेशरमाच्या आडोशाला होते. आवाज जुनाच, खणखणीत. "बंधूंनो, हात आपले आहेत, तर हाताची किंमत दुसरा का ठरवतो?" मग तो थांबला. आणि 'हूं' आलं.

मी मागं पाहिलं. कोणी नव्हतं. बानं पुढचं वाक्य म्हटलं, थांबला, आणि पुन्हा 'हूं' आलं, जाड, खालच्या सुरातलं, जणू बसलेल्या माणसाचं. मग दुसरं, म्हाताऱ्याचं, खोकल्यासकट. तो म्हातारा मला आठवत होता. ओट्याच्या कडेला बसायचा, मला गूळ द्यायचा, आणि मी तिसरीत असताना मेला होता.

मी पुढं झाले तेव्हा दिसलं. बाचेच ओठ हलत होते. पानभर वाक्यं त्याची आणि सगळे हुंकारही त्याचेच. मी त्याला हाताला धरून रुळावरून काढलं. तो निमूट आला. पण मागं वळून एकदा म्हणाला, "बसा बसा, येतोच."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात डाव्या डब्याची तार तुटली. झाकण पडेना. तो निष्ठावान उंदीर डावीकडे गेला, टोकाला पोचला आणि डबा चाटलाच नाही. कान उभे करून वाट पाहत राहिला. मग वळून परत आला आणि फाट्यावर बसून राहिला. तेव्हा आमच्या लक्षात आलं. हरभरा आम्ही उजवीकडे नेला होता, पण डावं झाकण पडायचं थांबवायला विसरलो होतो. डबा रिकामा होता, 'खट्' मात्र रोज मिळत होतं. तो हरभऱ्यासाठी जातच नव्हता.

सर टिपण लिहू लागले. मी न विचारता एक सुटं झाकण घेतलं, आणि उंदीर पुन्हा फाट्यावर आला तेव्हा तिथंच, त्याच्या नाकाजवळ, पाडलं. खट्. तो थांबला. पुन्हा पाडलं. तो तिथंच बसला. डावीकडे गेलाच नाही.

घरी जाऊन मी बादलीत फडकं भिजवलं आणि भिंतीवरचं एक पत्रक ओलं करून सोडवलं. निळसर कागदाचं, त्यातल्या त्यात धड होतं ते. मायला समजावलं. "तिवाट्यावर त्याच्या आधी जाऊन उभी राह्य. तो आला की हे हातात दे. हातात आलं की तो वाचणारच. तू दर वाक्याले हूं म्हण. तिकडं जाऊन जे घेते, ते त्याले इथंच मिळू दे."

"मी?" माय म्हणाली. "मले का समजते त्यातलं?"

"समजायचं नाही. हूं म्हणायचं."

"मंग तूच म्हण."

"त्या टायमाले मी कॉलेजात राह्यते, माय."

मायनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "लोक हासतीन न वं. तिवाट्यावर नवराबायको."

"हासू दे. मामाचं पोतं पाह्य दारामागं."

पहिल्या दिवशी मात्र मी कॉलेज बुडवून पानठेल्याआड उभी राहिले. बा आला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मायनं कागद पुढं केला. त्यानं तो घेतला, उभ्यानं धरला आणि वाचायला लागला. मायचं पहिलं 'हूं' इतकं बारीक होतं की त्यानं वाक्य पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा ती पदर तोंडावरून काढून म्हणाली, "हूं!" तो पुढं गेला. जणू तिथं कायमच कोणीतरी बसत आलं होतं.

पण पत्रक एका पानाचं. ते संपलं. आणि बाच्या सगळ्या पत्रकांच्या शेवटी असायचं तेच याच्याही शेवटी होतं, 'मोठ्या संख्येनं सोसायटीच्या ओट्यावर हजर राहा.' ते वाचताच तो ताडताड लाईनीकडे निघाला. गाडीची शिट्टी झाली होती. मी पळत जाऊन त्याला कमरेला धरला आणि आम्ही दोघं खडीवर पडलो. गाडी गेली. बा माझ्याकडे बघून म्हणाला, "हूं नाही म्हटलं तू."

रात्रभर विचार करायची गरज पडली नाही. रीत आमचीच होती. 'हूं' नाही आलं तर पुढं जायचं नाही. मी मायला सांगितलं, "शेवटाच्या आधी एका वाक्याले थांब. हूं देऊच नको. तो तेच वाचत राहीन. गाडी गेली की दे, आन् हाताले धरून घरी आण."

हे मी सांगितलं. अगदी शांतपणे, सरांच्या आवाजात सांगितलं.

आणि ते चाललं. कॉलेज सुटल्यावर मी तिवाट्यावर पोचायची तेव्हा ते दोघं उभे असायचे. बा एकच वाक्य म्हणत असायचा, थांबत असायचा, मायच्या तोंडाकडे बघत असायचा. माय ओठ मिटून. तो पुन्हा तेच. पुन्हा तेच. चेहऱ्यावर थोडीशी लाचारी. पलीकडून गाडीच्या पिवळ्या खिडक्या सरकायच्या, रूळ वाजायचे बंद व्हायचे, आणि मग माय म्हणायची, "हूं." बाचा चेहरा असा उजळायचा की मला तिकडं बघवायचं नाही. त्या उजेडातच ती त्याला वळवून घरी आणायची. लोक रस्ता सोडून जायचे. पोरं हसायची थांबली होती.

मला ते सहन होईना. एका संध्याकाळी मी मायला म्हटलं, "बंद करू हे. उंदरासारखं नाचवून राहिलो आपण त्याले."

"मंग का करू? दोर बांधू?"

"तसं नाही. पण त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का तू? किती वेळ एकच वाक्य म्हणवतं? गाडीच्या किती तरी आधीच थांबवतं तू त्याले. शेवटाच्या आधी थांब म्हटलं होतं, तू तं अर्ध्यातच थांबतं."

मायनं चुलीत काटकी सारली. मग म्हणाली, "ते वाक्य चांगलं आहे."

रोज कानावर पडूनही ते कोणतं, हे मी मनावर घेतलं नव्हतं. मी निळा कागद उलगडला. अर्ध्यावर, तिच्या अंगठ्याच्या खळीच्या डागापाशी, ते वाक्य होतं. 'ज्या घरातली बाई ऐकायला बसत नाही, त्या घरात हे पत्रक पोचलंच नाही, असं समजा.'

लिहिलं होतं त्यानंच. छापलं होतं, वाटलं होतं, वीस-पंचवीस पुरुषांकडून त्याला 'हूं' घेतलं होतं. आणि ते आमच्याच भिंतीवर, कांड्या भरणाऱ्या बाईच्या डोक्यावर, इतकी वर्षं चिकटलेलं होतं.

"आता ऐकून राहिली न मी," माय म्हणाली. "म्हणू दे त्याले. बाकी लोकाईले एकेक डाव सांगितलं. मले दहा डाव सांगू दे."

माणसाला आमिषानं चालवू नये, हे मी आजही मानते आणि भांडून मानते. पण त्या तिवाट्यावर कोण कोणाला चालवत होतं, हे मला सांगता येणार नाही. तिच्या तोंडाकडे बघणारा त्याचा चेहरा तिला हवा होता, मिळणारा हुंकार त्याला. दोघांचीही वर्तुळं रोज पक्की होत होती.

पुनवेला मामा आला. सोबत भगत, त्याच्या झोळीत राख आणि मोरपिसं. माय घरी नव्हती. मी दोघांना तिवाट्यावर नेलं. बा वाचत होता, माय मिटल्या ओठांनी ऐकत होती, पलीकडे गाडी धडधडत गेली. मामा भगताला हातानं अडवून उभा राहिला.

"थांबला तर खरा," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "पण हे तं धुरीहून भयानक आहे वं पोरी."

भगतानं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोणाले धुरी द्याची? त्याले का तिले?"

मायनं 'हूं' दिलं, बाचा हात धरला आणि आमच्याजवळून जाताना मामाला म्हणाली, "दादा, तुया भगताले म्हण, कागद वाचता येत असन तं उभा राह्य. येथं बाया ऐकून राहिल्या."

भगत त्याच पावली गेला. पोत्यातली मिरची आम्ही दोन वर्षं खाल्ली.

बा रुळावर मेला नाही. मिरची संपायच्या सुमारास, थंडीत, घरात, अंथरुणावर, सकाळच्या उन्हात गेला. निळा कागद मायनं त्याच्या छातीवर ठेवला. तो त्याच्यासोबतच जळला. भिंतीवर त्या जागी मातीचा चौकोन राहिला.

महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं, की दिवे लागणीच्या आधी माय तेल आणायला म्हणून रिकामी बाटली घेऊन निघते आणि तशीच रिकामी परत आणते. एका संध्याकाळी मी मागं गेले. ती तिवाट्यावर उभी होती, तिच्या नेहमीच्या जागी, समोर माणूसभर अंतर सोडून. रस्ता मोकळा होता.

"हूं," ती म्हणाली.

मग थांबली. मग पुन्हा, "हूं."

मी भुतं मानत नाही. माझ्या बानं देव फेकले ते मला घाबरायला शिकवण्यासाठी नाही. मायच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे. वाट पक्की झाली होती आणि 'आता नाही' हे सांगणारा आवाज कमी पडत होता, इतकंच. पण मी ते पत्रक इतक्यांदा ऐकलं होतं, की दोन हुंकारांमधलं अंतर मला ओळखू येत होतं. लांब वाक्य. हूं. आखूड वाक्य. हूं. 'हात आपले आहेत' वाल्या पत्रकाची ही चाल नव्हती. ही निळ्या कागदाची होती. एकही अंतर चुकत नव्हतं.

मग मायनं ओठ मिटले.

मी मनातल्या मनात ते वाक्य म्हटलं. संपलं. 'हूं' नाही. पुन्हा म्हटलं. संपलं. पलीकडून शिट्टी आली, रूळ वाजू लागले, पिवळ्या खिडक्या एकामागून एक सरकल्या आणि गेल्या. रूळ गप्प झाले. आता द्यायची वेळ होती. रोज याच वेळी ती द्यायची.

तिनं दिलं नाही. समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत, मिटल्या ओठांनी ती ऐकत राहिली. माझ्या घशापाशी 'हूं' येऊन थांबलं होतं. मी ते म्हटलं असतं तर बा पुढच्या वाक्याला गेला असता, आणि मग शेवटाला, लाईनीकडे.

मीही ओठ मिटून घेतले.